बाईच्या आवाजात "मी गाडी सोडून गेलो होतो": कर्णबधिर ग्राहकाचा फोन

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकत असेन तर सांगा. नाशकात तुमचं दुचाकींचं सर्व्हिस सेंटर आहे. मागच्या आठवड्यात एका बाईचा फोन आला. "मी सोमवारी गाडी सोडून गेलो होतो, काम कुठवर आलं?" असं ती विचारत होती. जॉब कार्डवर नाव पुरुषाचं. काउंटरवरच्या मुलीला वाटलं, काहीतरी फसवाफसवी आहे. तिने फोन कापला. असं तीनदा झालं. चौथ्या दिवशी गाडीवाला स्वतः आला, मोबाइलवर टाइप करकरून भांडला, आणि तेव्हा कळलं की तो कर्णबधिर आहे. आता तुम्ही विचारताय की ही माणसं दुकानात, बँकेत फोन करतात तरी कशी, खरा फोन ओळखायचा कसा, आणि उद्या त्याच्या नावाने भलत्यानेच बोलून नवा पार्ट बसवायला सांगितला तर बिलाचं काय.

ती फोन करणारी बाई मी नव्हे, पण असू शकले असते. गेली 22 वर्षं मी पुण्यात सांकेतिक भाषेची दुभाषी म्हणून काम करते, आणि त्याआधी घरीच करत होते, कारण माझे आई-बाबा दोघेही कर्णबधिर. असे कापलेले फोन मी इतके पाहिलेत की त्याचा राग येणं कधीच थांबलंय. तुमच्या मुलीला रागावू नका. तिने ऐकलं तेवढ्यावरून तिचा संशय अगदी रास्त होता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की असा फोन येऊ शकतो.

खरी अडचण "ऐकू न येणारा माणूस बोलणार कसा" ही नाहीच. त्याचे चार-पाच मार्ग आहेत, ते सांगतेच. अडचण अशी की फोनवर आपण आवाज म्हणजेच माणूस असं धरून चालतो. समोरून पुरुषी आवाज आला, त्याने नाव सांगितलं, की आपण मान्य करतो. त्यात तसा काहीच पुरावा नसतो, पण सवयीने तो पुरावा वाटतो. कर्णबधिर माणसाच्या फोनमध्ये बोलतो एक आणि आवाज दुसऱ्याचा. तिथे आपली सवय अडखळते.

सगळ्यात जुना मार्ग म्हणजे घरातलं ऐकणारं माणूस. आमच्या घरी ते मी. 1990 च्या सुमारास, मी नऊ वर्षांची असेन, कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या पीसीओत बाबा मला घेऊन जायचे. मी स्टुलावर उभी, एक डोळा मीटरवरच्या लाल आकड्यांवर आणि दुसरा बाबांच्या हातांवर. गॅस एजन्सी, शाळा, एकदा विजेच्या बिलाचं भांडण. पलीकडचा माणूस हमखास म्हणायचा, "बाळ, मोठ्या कुणाला तरी दे." मोठे बाबा शेजारीच उभे असायचे, पण त्यांना फोन देऊन काय करणार? बाबा चिडले की हातांनी जे बोलायचे ते मी कधीच तसंच्या तसं सांगितलं नाही. "तुम्ही चोर आहात"चं मी "काका, जरा बघा ना" करायचे. मला वाटायचं मी बाबांना सांभाळून घेतेय. पुढे वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण अपंगत्वासाठीच्या राष्ट्रीय संस्थेत रीतसर शिकताना कळलं की मी त्यांचं बोलणंच गाळून टाकत होते. त्यांना विजेच्या ऑफिसवर रागवायचं होतं, आणि तो त्यांचा हक्क होता.

हे सांगण्याचं कारण असं की फोनवर मध्ये कोण आहे यावर बरंच अवलंबून असतं. बहीण, मुलगा, शेजारी मध्ये असेल तर तो स्वतःची मतं घालतो, दर परस्पर मान्य करून टाकतो, "राहू दे, मी सांगते त्याला" म्हणतो. प्रशिक्षित दुभाषी असं करत नाही. ग्राहकाने शिवी दिली तर मी शिवी देते, आणि तुमच्या मुलीने बाजूला कुणाला तरी "काय कटकट आहे" म्हटलेलं मला ऐकू आलं तर तेही ग्राहकाला दिसतं. ही चहाडी नव्हे. ऐकणाऱ्या गिऱ्हाइकालाही ते ऐकू आलंच असतं.

आता प्रत्यक्ष फोन कसा होतो ते सांगते. ग्राहक मला व्हिडिओ कॉल करतो. माझा एक मोबाइल समोर स्टँडवर, त्यात तो दिसतोय. दुसऱ्या मोबाइलवरून मी तुमचा नंबर लावते, कानात हेडफोन. तुम्ही बोलता ते मी हातांनी त्याला सांगते, तो हातांनी बोलतो ते मी तोंडाने तुम्हाला. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, तेव्हापासून हे रोजचं झालं. त्याआधी खेड्यातल्या मुलाला व्हिडिओवर हात दिसतील इतकं नेट परवडायचंच नाही. दिल्लीची भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र ही सरकारी संस्था 2015 साली स्थापन झाली, तिच्यातर्फेही व्हिडिओ कॉलवर दुभाष्याची मदत मिळते. काही खासगी सेवा पैसे घेऊन हेच काम करतात. पण 2011 च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व नोंदवलेले लोक सुमारे 50 लाख होते, आणि आम्ही दुभाषी त्यापुढे मूठभर. त्यामुळे संध्याकाळी सातला टायर पंक्चर झालं तर दुभाषी मिळेलच असं नाही.

मग ती बाई "गेलो होतो" का म्हणाली? आमच्या कामाचा नियम आहे की ग्राहक जे बोलतो ते त्याच्याच तोंडचं म्हणून, प्रथमपुरुषात बोलायचं. इंग्रजीत यात काही बिघडत नाही, तिथे "मी गेलो" आणि "मी गेले" एकच. मराठीत क्रियापद लगेच चुगली करतं. मी पुरुष ग्राहकासाठी "मी गाडी सोडून गेलो" म्हटलं की ऐकणारा चपापतो. "मी सोडून गेले" म्हटलं तर त्याला वाटतं गाडी माझीच, आणि नाव विचारल्यावर घोळ होतो. "ते म्हणतायत की" असं सुरू केलं तर आणखी वाईट. मग पलीकडचा माणूस ग्राहकाला विसरून माझ्याशीच बोलू लागतो. "त्यांना विचारा ना, ते कोण लागतात तुमचे, तुम्हीच या ना गाडी न्यायला." गंमत म्हणजे खुद्द सांकेतिक भाषेत क्रियापदाला हे लिंग नसतंच. ग्राहकाच्या बोलण्यात नसलेला घोळ मराठी भाषा मध्येच आणून घालते.

माझ्यापुरता मी काढलेला तोडगा असा. फोन उचलताच एका दमात सांगायचं: "नमस्कार, मी सांकेतिक भाषेची दुभाषी. तुमचे ग्राहक कर्णबधिर आहेत, ते व्हिडिओवर माझ्यासमोर आहेत. यापुढे मी बोलेन ते त्यांचं बोलणं." आणि मग खुशाल "गेलो, आलो, दिले होते". हे वाक्य न बोलता थेट मुद्द्यावर आलं की फोन कापला जाणारच, आणि तुमच्याकडे बहुधा तेच झालं. चूक त्या बाईचीही असेल. पण कधीकधी आम्ही "नमस्कार, मी सांकेतिक..." इथवर येतो आणि "नको, नको, लोन नकोय" म्हणून फोन बंद होतो. त्याला आमचा इलाज नाही.

तुमच्या काउंटरने काय करावं? पहिलं म्हणजे "त्यांना सांगा" म्हणू नये. "तुमची गाडी उद्या मिळेल" असं सरळ ग्राहकाशी बोलावं, मी भिंतीवरच्या खिडकीसारखी आहे असं समजून. दुसरं, मध्ये पाच-सात सेकंद शांतता येते. ती लाइन तुटलेली नसते, तेव्हा त्याचे हात चाललेले असतात. तेवढ्यात "हॅलो? हॅलो? आवाज येतोय का?" सुरू झालं की मला त्याचं अर्धं वाक्य सोडून तुमचं "हॅलो" त्याला सांगावं लागतं. एरवी दोन मिनिटांत आटपणाऱ्या फोनला पाच लागतील असं धरून चालावं.

आकड्यांची तर वेगळीच कथा. मेकॅनिक म्हणतो "पावणेदोन हजार होतील". मला डोक्यात 1750 करून मगच हात हलवता येतात, आणि अशी दहा वाक्यं झाली की एखादं चुकतं. एकदा एका वर्कशॉपवाल्याने "अडीच-पावणेतीन" म्हटलं. त्याला हजार म्हणायचं होतं. आधी शेकड्यांत बोलणं चाललं होतं, म्हणून मी अडीचशे-पावणेतीनशे सांगितलं. ग्राहक खूश होऊन हो म्हणाला, आणि बिलाच्या दिवशी तिघंही एकमेकांवर चिडलो. तेव्हापासून पैशांचा आकडा मी सुटा सुटा, एक-सात-पाच-शून्य असा परत म्हणून घेते. पार्टच्या नावांचंही तसंच. "क्लच प्लेट"साठी सगळ्यांची हाताची खूण एकच नसते, मग इंग्रजी स्पेलिंग दोन्ही हातांच्या बोटांनी काढायचं.

हे सगळं आपल्याकडे जुगाडासारखं का चाललंय, हे कळायला अमेरिकेचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे 1964 च्या सुमारास रॉबर्ट वाइटब्रेख्ट या स्वतः कर्णबधिर असलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने टेलिप्रिंटर (टाइप केलेला मजकूर तारेने पाठवणारं यंत्र) साध्या फोनला जोडणारं उपकरण बनवलं. फोनचा रिसीव्हर त्यावर ठेवायचा, टाइप केलेली अक्षरं सुरांच्या रूपात तारेतून जायची. कंपन्यांनी मोडीत काढलेले अवजड टेलिप्रिंटर कर्णबधिर लोकांनी घरी आणून बसवले. दोघांनी एकदम टाइप केलं तर अक्षरांचा काला व्हायचा, म्हणून आपलं संपलं की "जीए" टाइप करायचं, म्हणजे "आता तुम्ही बोला". पण दुकानदाराकडे ते यंत्र कुठून असणार? म्हणून मध्ये रिले ऑपरेटर आला. तो टाइप झालेलं वाचून दाखवणार आणि दुकानदाराचं बोलणं टाइप करणार. 1990 च्या अपंगत्वविषयक कायद्याने ही सेवा देशभर बंधनकारक केली, 2001 पासून तिला 711 हा एकच नंबर मिळाला, आणि खर्च फोन कंपन्यांच्या वर्गणीतून भागतो, ग्राहकाला वेगळा भुर्दंड नाही. नंतर टायपिंगची जागा बरीचशी व्हिडिओवरच्या दुभाष्याने घेतली. तिकडे मोटेल, दुकान किंवा दवाखाना चालवणारी मराठी माणसं हे वाचत असतील तर एवढं लक्षात ठेवा: रिलेवरून आलेला फोन बाकीच्या फोनसारखाच घ्यायचा असा तिथला नियम आहे. तो कापणं नुसता उद्धटपणा ठरत नाही, कायद्याचा भंग ठरतो.

आणि तुमची फसवणुकीची भीती पोकळ नाही, हेही तिथलाच अनुभव सांगतो. इंटरनेटवरून रिले सुरू झाली तेव्हा भामट्यांनी तिच्या आडून चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर दुकानांत ऑर्डरी द्यायला सुरुवात केली. ऑपरेटर निमूटपणे त्यांचे शब्द वाचून दाखवायचा, कारण मजकुरात ढवळाढवळ करायची नाही हा त्याचा नियम. दुकानं रिलेचे फोनच घेईनात, आणि भोगलं खऱ्या कर्णबधिर लोकांनी. शेवटी वापरणाऱ्यांची नोंदणी बंधनकारक करावी लागली.

आपल्याकडे 711 सारखा सर्व फोन कंपन्यांना बांधणारा एकच नंबर नाही. म्हणून दुभाष्याशिवायचे मार्गही लोकांनी शोधलेत. ज्यांना बोलता येतं पण ऐकू येत नाही, विशेषतः ज्यांचं ऐकणं मोठेपणी गेलं ते, दोन मोबाइल वापरतात. एकावर स्पीकर लावून फोन, शेजारी दुसऱ्यावर लाइव्ह ट्रान्स्क्राइब. बोललेलं पडद्यावर अक्षरांत उमटवणारं गूगलचं हे अॅप 2019 मध्ये आलं आणि त्याला मराठी समजते. एकाच मोबाइलवर फोन चालू असताना त्या अॅपला माइक मिळत नाही, म्हणून दुसरा लागतो. शांत खोलीत हे बरं चालतं. तुमच्या वर्कशॉपमधून मागे कॉम्प्रेसर आणि इंपॅक्ट गन चालू असेल तर पडद्यावर काहीही उमटतं. अशा माणसाचा आवाज जरा जड, वेगळ्या चढउताराचा असतो. तो दारू पिऊन बोलतोय असं समजून फोन ठेवल्याचे प्रसंग माझ्या ओळखीच्या निदान चौघांवर आलेत.

आणि मग सगळ्यांचा लाडका मार्ग, मेसेज. मुंबईत ध्रुव लाकरा यांनी सुरू केलेल्या मिरॅकल कुरियर्समध्ये पार्सल पोचवणारी मुलं कर्णबधिर, आणि त्यांचा कारभार एसएमएसवर चालायचा. कामाला फोन लागतोच असं काही नसतं, हे त्यांनी दाखवून दिलं. मिस्ड कॉलवर गॅस बुक होऊ लागला तेव्हा माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशिवाय सिलिंडर मागवला. ते लोण कर्णबधिरांसाठी आलं नव्हतं, पण त्यांच्याइतकं कुणालाच पावलं नसेल.

मेसेजचा एक खाचखळगा मात्र आहे. लहानपणापासून कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक, मराठी दुसरी, तीही शाळेत अर्धवट शिकवलेली. सांकेतिक भाषेचं व्याकरण स्वतंत्र आहे, प्रश्नाचा शब्द त्यात शेवटी येतो. त्यामुळे "गाडी माझी तयार कधी, पैसे किती" असा मेसेज येईल. तो वाचून "हा कुणी अडाणी आहे" किंवा "हा बनावट मेसेज आहे" असं ठरवू नका. तो माणूस इंजिनिअरही असू शकतो. उत्तर देताना छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि फोटो. झिजलेल्या क्लच प्लेटचा एक फोटो माझ्या दहा मिनिटांच्या दुभाषेपणापेक्षा जास्त काम करतो. (आमचा धंदा बसवणारं वाक्य लिहितेय, पण खरं आहे.)

आता तुमच्या बिलाच्या प्रश्नाकडे. इथवर सांगितल्याचं सार एवढंच की आवाजावरून ओळख पटवायची नाही. मग कशावरून? जॉब कार्डचा नंबर, गाडीचा नंबर, सोडतानाचं किलोमीटरचं रीडिंग. या गोष्टी दुभाष्याने ग्राहकाला विचारून सांगाव्या. आणि पैशांची मंजुरी असेल तर फोन चालू असतानाच जॉब कार्डवरच्या मोबाइलवर मेसेज टाकायचा: "क्लच प्लेट, 1750 रुपये, करू का?" ग्राहक त्याच क्षणी त्याच मोबाइलवरून "हो" लिहितो. झालं, तुमच्याकडे लेखी मंजुरी आली, आणि ती माझ्या शब्दावर अवलंबून नाही. खरं सांगायचं तर हे मी ऐकणाऱ्या गिऱ्हाइकांसाठीही करा म्हणेन, कारण "मी फोनवर असं म्हणालोच नव्हतो" हे तुम्ही त्यांच्याकडूनही ऐकलं असेल.

सर्व्हिस सेंटरला हे पुरतं, बँकेला पुरत नाही. तिथे ओटीपी आणि पिन येतात. मी माझ्या ग्राहकांना स्पष्ट सांगते की ओटीपी मला हातांनी दाखवायचा नाही, दाखवायला लागलात तर मी डोळे मिटेन. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ग्राहकाने स्वतः निष्काळजीपणे अशी माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्या माथी बसतं. दुभाष्याला दाखवणं हे त्यात मोडतं की नाही, याचा वाद कुणी कोर्टात घालत बसावा? आणि फसवणूक झालीच तर ऐकणारा माणूस 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावतो. कर्णबधिराने आधी दुभाषी शोधायचा की काय? मी सांगते, थेट सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर लेखी तक्रार टाका, आणि सोबत जो कुणी ऐकणारा शेजारी मिळेल त्याला 1930 लावायला लावा. तिथे घरचं माणूस की प्रशिक्षित दुभाषी, हा शहाणपणा करायची वेळ नसते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण माझ्या मते तुमच्याकडचा निम्मा घोटाळा तीच असेल. कर्णबधिर ग्राहकाने केलेला फोन राहू द्या, तुम्ही त्याला केलेल्या फोनांचं काय झालं? कार्डवर नंबर त्याचाच असतो. तुमच्या मुलीने तो चार वेळा लावला असेल, घंटी वाजून गेली असेल, आणि तिने शेरा मारला असेल: "ग्राहक फोन उचलत नाही, काम थांबवले." तिकडे तो वाट बघतोय की दुकान काही कळवत का नाही. हे बँकेत होतं, कुरियरला होतं, लॅबच्या रिपोर्टला होतं. याचा उपाय फुकट आहे. जॉब कार्डवर एक ओळ वाढवा: "संपर्क: फोन / मेसेज". गाडी घेताना सगळ्यांनाच विचारा. कुणाला तुम्ही कर्णबधिर आहात का असं विचारायची गरज नाही, आणि भर मीटिंगमध्ये बसणारे तुमचे ऐकणारे ग्राहकही मेसेजवरच खूण करतील. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने खासगी सेवा देणाऱ्यांनाही सुगम्यतेचे नियम लागू केलेत, पण ही एक ओळ छापायला कायदा दाखवायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

काउंटरवर बोलताना शब्दांचं एक पथ्य पाळा. "मुका-बहिरा" नको. कर्णबधिर म्हणा, किंवा ते स्वतः म्हणतात तसं डेफ. त्यांना वाचा नसते हा समज चुकीचा आहे, आणि तुमच्याशी मोबाइलवर टाइप करून भांडलेल्या माणसाकडे बघून तो तुमचाही राहिला नसेल.

आता या ग्राहकापुरतं. आज संध्याकाळपर्यंत त्याला मेसेज टाका, व्हॉइस नोट नव्हे: "तुमचा फोन आमच्याकडून तीन वेळा कापला गेला. चूक आमची. गाडीचं काम असं असं बाकी आहे. खर्च इतके रुपये." रक्कम अंकांत लिहा, खाली फोटो जोडा, आणि विचारा की पुढचं बोलणं मेसेजवर हवं की दुभाष्यासोबत फोनवर. फोनवर म्हणाला तर त्याला वेळ विचारून घ्या, आणि त्या वेळी कॉम्प्रेसर बंद ठेवा. पलीकडच्या बाईलाही नीट ऐकू यायला हवं.